अण्णांचा पट्टा

अण्णांना बसवून नेलं. लिंगायतांत माणूस गेला की त्याला आडवा नेत नाहीत. बसवतात, फुलांनी सजवतात आणि बसलेलाच गावातून नेतात. मला हे माहीत होतं, तरी शिवाजी पेठेतून ते जाताना मी मान वर केली नाही. बायका गॅलरीत उभ्या होत्या. तालमीतली पोरं खांदे बदलत होती, फार लवकर लवकर बदलत होती. माझ्या मागं कुणीतरी शेजाऱ्याला म्हणालं, "केवढा ओ हा माणूस!" म्हणणाऱ्याच्या मनात वाईट काही नव्हतं. पण ज्या माणसानं जन्मभर आपलं शरीर टेबलामागं, दारामागं, दुसऱ्याच्या पाठीमागं ठेवलं, त्याच्याकडं सगळ्या पेठेनं इतकं समोरून बघावं, याची मला त्यांच्या वतीनं लाज वाटत होती. अजून वाटते. हे लिहायला म्हणूनच इतकी वर्षं गेली.

अण्णा पेठेतल्या आमच्या वाचनालयाचे ग्रंथपाल. मी त्यांच्या हाताखाली देवघेवीच्या खिडकीत बसायचो. अण्णा हे त्यांचं नाव नव्हे. घरात धाकटा भाऊ त्यांना अण्णा म्हणायचा, कानडीत थोरल्या भावाला म्हणतात तसं, आणि ते त्याला तम्मा म्हणायचे. भावाचं पाहून सारं गाव त्यांना अण्णा म्हणू लागलं. घराणं मूळचं सीमेकडचं, गुळाच्या अडतीचं. तम्मांनी दुकान सांभाळलं आणि अण्णांनी पुस्तकं. लग्न अण्णांनी केलं नाही. भावाच्याच घरात राहायचे, मार्केट यार्डाजवळ, गुळाच्या गोदामाला लागून.

वाचनालयात नवीन माणूस आला की अण्णांचा पहिला प्रश्न ठरलेला.

"पावणं, हात बघू."

पावणा गोंधळून हात पुढं करायचा. अण्णा ते उलटसुलट बघायचे. तेलकट दिसले तर कोपऱ्यातल्या नळाकडं बोट. परत आलेलं पुस्तक ते आधी नाकाला लावायचे, मग कपाटाला. "हे मिसळ खाऊन वाचलंय," एकदा एका वकिलाला ते म्हणाले, तेही चार माणसांत. "मिसळ खायची तर मिसळ खावा की. पुस्तक कशाला बुडवताय रश्श्यात?" वकील म्हणाला, "अण्णा, मी न्हाय, बायकोनं वाचलंय." अण्णा म्हणाले, "मग त्यांस्नी सांगा, लिंबू जरा कमी पिळा म्हणावं." वकील पुढं कितीतरी दिवस हे सगळ्यांना सांगून हसत होता.

पाककृतींची पुस्तकं त्यांनी अगदी वरच्या फळीवर ठेवली होती. शिडी चढणं त्यांना शक्य नव्हतं. कुणी ते पुस्तक मागितलं की मला चढावं लागे. मी एकदा म्हटलं, "अण्णा, ही खाली घेऊया का? बायका सारख्या मागतात." ते म्हणाले, "मागू देत. मागून घेतलेलं बरं असतं." त्या वेळी मला वाटलं, हा त्यांचा विक्षिप्तपणा.

शेवटची काही वर्षं सोडली तर त्यांना खाताना मी कधी पाहिलं नाही. मीच नव्हे, घराबाहेर कुणीच नाही. चहा आला की म्हणायचे, "माझं झालंय." कुणी पेढा पुढं केला, "माझं झालंय." लग्नात ते पंगतीला बसत नसत. पहिल्या पंगतीपासून शेवटच्या पंगतीपर्यंत बुंदीची बादली घेऊन वाढत फिरायचे, आणि आग्रह असा करायचे की माणूस पानावर आडवा हात धरून बसायचा. सगळे उठल्यावर यजमान म्हणायचा, "अण्णा, आता तुम्ही बसा." तोवर अण्णा बादली खाली ठेवून रिक्षात बसलेले असायचे. रिक्षा ठरलेली, माणूस ठरलेला. त्या रिक्षात दुसरं कुणी बसत नसे, जागाच उरत नसे, पण अण्णा सांगायचे, "मला एकटं जायला आवडतं. विचार होतात."

खुर्चीचंही तसंच. वाचनालयात त्यांची एक बिनहातांची सागवानी खुर्ची होती. ती सोडून ते कुठंच बसत नसत. दुसऱ्याच्या घरी गेले तर उभ्यानं बोलायचे. "बसलं की बोलणं लांबतं," म्हणायचे. एकदा एका घरात प्लॅस्टिकची खुर्ची त्यांच्याखाली मोडली होती, हे मला फार उशिरा कळलं. तेही दुसऱ्याकडून.

आमच्या वार्षिक समारंभात पाहुणे बोलत होते आणि अण्णा व्यासपीठावर त्यांच्या शेजारी आपल्या सागवानी खुर्चीत होते. बसल्या बसल्या त्यांना झोप लागली. तशी ती त्यांना खिडकीतही लागायची, बोलता बोलता, वाक्य अर्धं टाकून. पण त्या दिवशी त्यांच्यासमोर माईक होता. घोरणं सभागृहभर घुमलं. मग एकदम बंद झालं, इतका वेळ बंद राहिलं की हसणारी पोरंही गप्प झाली. नंतर बुडता माणूस वर यावा तसा त्यांनी श्वास घेतला, आणि मग सभागृह पुन्हा हसलं. अण्णांनी डोळे उघडले. पाहुण्यांना हात जोडले. चष्मा पुसला. पुसतच राहिले.

त्यांच्या डॉक्टरांनी बरेच दिवस सांगितलेलंच पुन्हा सांगितलं. झोपेत श्वास थांबतो. साखर हाताबाहेर गेली आहे. पथ्यानं होण्यासारखं आता काही राहिलेलं नाही. पुण्यात वजन कमी करायचं ऑपरेशन होतं, ते करून घ्या. नाहीतर एक दिवस थांबलेला श्वास पुन्हा सुरू होणार नाही.

अण्णांनी यातलं घरी काही सांगितलं नाही. त्यांनी मला वैद्यकीय महाविद्यालयातल्या एका वाचकाकडून शस्त्रक्रियेचं जाडजूड पुस्तक मागवून घ्यायला सांगितलं. (ते पुस्तकही त्यांनी हुंगलं. "ह्याला कुणी शिवलेलंच न्हाय," म्हणाले.) आठवडाभर ते त्यात बुडून गेले. मग एका सकाळी मला समोर बसवून त्यांनी तीन प्रकारची ऑपरेशनं समजावून सांगितली.

"हे बघ. पोट म्हणजे आपला वाचनकक्ष समज. पहिला प्रकार पट्टा. दारात शिपाई बसवायचा. एकावेळी एकच माणूस आत. कक्ष तसाच, फक्त दार आवळलं. नको वाटलं तर शिपायाला काढून टाकता येतं. दुसरा प्रकार स्लीव्ह. कक्षच कापायचा, बोळ करून टाकायचा. कापलेलं परत जोडता येत न्हाय. हे जरा नवीन हाय, लोकांना अजून अंदाज न्हाय. तिसरा बायपास." इथं ते थांबले. "वाचक दारातनं आला की त्याला कक्षात न्यायचंच न्हाय. मागच्या बोळातनं परस्पर बाहेर."

"मग वाचणार काय तो?" मी विचारलं.

"थोडंच. पण त्यानं शाई सांडली तर सगळी इमारत हादरती, असं लिहिलंय ह्यात."

मला काही कळलं नाही. ते हसले, मीही हसलो.

पुण्याच्या दवाखान्यानं फोनवर नेमकं वजन विचारलं. इथल्या डॉक्टरांचा काटा अण्णांच्या वजनाच्या आधीच संपत होता. दोन दवाखाने झाले, तिथंही तेच. शेवटी अण्णांना भावाला सांगावंच लागलं. तम्मा म्हणाले, "अण्णा, आपला काटा हाय की."

गुळाचा रवा म्हणजे बादलीत ओतून काढलेली मोठी ढेप. ते रवे तोलायचा तो काटा. अमावस्येला सौदा, म्हणजे गुळाचा लिलाव, बंद असतो, तो दिवस तम्मांनी ठरवला. दुकानात फक्त त्यांचा जुना मापाडी चाचा. त्याला बजावून ठेवलेलं, आकडा कानात सांगायचा. पण बाहेर सावलीला हमाल पत्ते खेळत बसले होते, ते कुणाच्या ध्यानात आलं नाही.

अण्णांनी चपला काढल्या. देवळात काढाव्यात तशा, बाजूला नीट ठेवल्या. खांबाला धरून ते काट्यावर चढले. चाचानं दांडीवरचं वजन सरकवलं, थोडं मागं घेतलं, दांडी स्थिर झाली. आणि जन्मभराच्या सवयीनं त्याच्या तोंडून बाहेर पडलं, "लाऽऽभ!" पहिल्या मापाला एक म्हणत नाहीत, लाभ म्हणतात. पाठोपाठ आकडा, तसाच, त्याच चालीत, यार्डाच्या दुसऱ्या टोकाला ऐकू जावा असा. तो आकडा मी इथं लिहीत नाही.

बाहेरून एका हमालानं पत्त्यातून मान वर न काढता, तितक्याच सवयीनं विचारलं, "कुणाचा माल ओ?"

चाचानं तोंडावर हात ठेवला. मी भिंतीकडं बघू लागलो. काट्यावर अण्णा डोळे मिटून उभे होते.

"माझा," तम्मा दारातून ओरडले. "माझा हाय. गप खेळा."

अण्णा सावकाश उतरले. चाचा रडायच्या बेतात होता. "मालक, तोंडातनं गेलं ओ. माफी द्या."

"असू दे, चाचा," अण्णा म्हणाले. आपल्या सदऱ्याचं टोक धरून त्यांनी दाखवलं. "बारदान वजा केलंस का न्हाय तेवढं सांग." पोत्याचं वजन वजा करतात, ते बारदान. चाचा हसला. तम्मा हसले नाहीत.

पुण्याला आम्ही तिघं गेलो. तिथल्या डॉक्टरांना घरचं माणूस हवं होतं, आणि कागद इंग्रजीत असतील म्हणून मी. वाचनालयात अण्णांनी सांगून ठेवलं होतं की ते कुडलसंगमला दर्शनाला चाललेत.

डॉक्टर तरुण होते, शांत होते. त्यांनी तिन्ही प्रकार चित्र काढून सांगितले. मग म्हणाले, "कुठलं ऑपरेशन करायचं हे तुमच्या वजनापेक्षा तुमच्या खाण्यावर ठरेल. म्हणून मला खरं सांगा. जे लोक ताटभर जेवतात, त्यांना पट्टा चालतो. पण ज्यांचं पोट गोडावर भरतं, त्यांना पट्ट्याचा काही उपयोग नाही. गोड विरघळतं आणि पट्ट्यातून सरळ खाली उतरतं. अशा माणसाला बायपास बरं. बायपास झालेल्यानं गोड खाल्लं की घाम फुटतो, छाती धडधडते, भोवळ येते. खायची भीतीच बसते. आता सांगा, दिवसभरात काय खाता?"

"दोन भाकरी," अण्णा म्हणाले. "भाजी. आमटी-भात. ताक."

"भाकरी दोनच?"

"चार."

"आणि गोड?"

अण्णा चष्मा काढून पुसू लागले. डॉक्टर तम्मांकडं वळले. "घरात यांचं खाणं कोण बघतं?"

"आमची मंडळी बघत्यात," तम्मा म्हणाले. "अण्णा गोडाला शिवत न्हाईत, साहेब. गुळाचं दुकान हाय आमचं, पण त्यांचं मन न्हाय त्यात."

अण्णांनी भावाकडं पाहिलं. त्या पाहण्यात इतकी सुटका होती की मला वाटलं, डॉक्टरांच्या उलटतपासणीनं ते दमले असावेत. मी त्या वेळी तेवढंच समजलो.

पट्टा ठरला. ऑपरेशनच्या आधी नर्स गळ्यातलं इष्टलिंग काढून ठेवा म्हणाली. अण्णा म्हणाले, "बाई, हे काढायचं तर आधी मलाच काढून ठेवा." बराच वाद झाला. शेवटी लिंगाची चांदीची डबी मनगटाला चिकटपट्टीनं बांधून ते आत गेले.

परत आल्यावर वाचक विचारू लागले, "अण्णा, संगमाचा प्रसाद?" तो आम्ही विसरलो होतो. दुसऱ्या दिवशी तम्मांनी कोपऱ्यावरच्या दुकानातले पेढे पाठवले आणि मी ते प्रसाद म्हणून वाटले. एका आजीबाईंनी तो डोळ्यांना लावून तोंडात टाकला. मी मान खाली घातली. अण्णा रजिस्टरात काहीतरी लिहीत होते. पान कोरंच होतं.

पहिले काही महिने चांगले गेले. सदरे ढगळ झाले. एके दिवशी ते माझ्या हात असलेल्या खुर्चीत बसले, उठले, पुन्हा बसले. "ह्यात बरं वाटतं की रे," म्हणाले. मग वजन थांबलं. मग वाढू लागलं. पट्टा पुन्हा आवळायला पुण्याच्या फेऱ्या झाल्या. भाकरीचा तुकडा उतरेना, जेवण खरोखरच वाटीभर झालं, तरी वजन वाढतच होतं. तम्मांच्या घरी कुजबूज सुरू झाली. एकदा मी निरोप घेऊन गेलो होतो, तेव्हा आतून वहिनींचा आवाज आला, "पोटाला कुलूप लावलं, आता काय तोंड शिवायचं?" अण्णा बाहेरच्या सोप्यात माझ्यासमोर उभे होते. त्यांनी माझ्याकडं पाहिलं आणि विचारलं, "तुझं जेवण झालं?" मी हो म्हणालो. झालं नव्हतं.

आमचं वाचनालय दुपारी बंद असायचं. अण्णा घरी जायचे आणि चारला परत यायचे. चार वाजता त्यांच्या अंगाला गुळाचा वास असायचा. पण त्या घरातल्या सगळ्यांनाच तो असे. तम्मांच्या पागोट्याला, पोरांच्या दप्तरांना, वहिनींच्या पदरालाही. दुसऱ्याच्या पुस्तकातला मिसळीचा वास ओळखणाऱ्या माणसाशेजारी मी वर्षानुवर्षं बसलो, आणि मला कधी शंका आली नाही.

त्यांच्या वडिलांचा एक नियम होता, तो अण्णाच मला कधीतरी अभिमानानं सांगत बसले होते. दुकानात येणारा गूळ शेतकऱ्याचा असतो, अडत्याचा नसतो. तो विकून द्यायचा. आपल्याकडं ठेवलेल्या मालाला अडत्यानं तोंड लावायचं नाही. वडिलांनी गोदामात सांडलेला चुराही कधी पोरांना उचलू दिला नव्हता. आई तेवढी, जिला दोघं भाऊ अव्वा म्हणायचे, बाजारातून विकत आणलेला खडा पदराखालून थोरल्याला द्यायची. हे सांगताना अण्णा हसले होते.

दुसऱ्यांदा पुण्याला गेलो तेव्हाही आम्ही तिघंच होतो. त्या भेटीतून पुढं काही निघालं नाही, हे आधीच सांगून टाकतो. बायपास झालंच नाही. हृदयाच्या तपासण्या झाल्या आणि भूल देणारे डॉक्टर नको म्हणाले, आता हे हृदय दुसरं ऑपरेशन सोसणार नाही. पहिल्याच वेळी झालं असतं तर झालं असतं. त्यानंतर अण्णा दीड-दोन वर्षं जगले. मशीन लावून झोपायचे. दुपारचे घरी जायचे बंद झाले, वाचनालयातच डबा खायचे, माझ्यासमोर. खाताना त्यांच्याकडं बघवत नसे. वाईट खायचे म्हणून नव्हे. प्रत्येक घासाला ते माझ्याकडं बघायचे, चुकून काही उचललं तर नाही ना, असं.

पण त्या दिवशी अजून तपासण्या व्हायच्या होत्या. डॉक्टरांनी एक्स-रे दिव्यासमोर धरला आणि म्हणाले, "पट्टा जागच्या जागी आहे. मग हे आत जातंय काय?" त्यांनी दिवा बंद केला. "बायपास करता येईल. पण या वेळी मला खरं कळल्याशिवाय मी हात लावणार नाही." मग थोडं मवाळ होऊन ते तम्मांना म्हणाले, "तुम्ही दोघं जरा बाहेर बसता का?"

तम्मा उठले. मीही उठलो.

"बस," अण्णा म्हणाले. भावाला म्हणाले, पण मीही बसलो. वाचनालयात कुणी जोरात बोललं तर ते ज्या आवाजात गप्प करायचे, तो आवाज होता. "ह्याच्यासमोरच सांगायचं हाय. गूळ, साहेब. पट्टा बसल्यापास्नं गूळ उतरत न्हाय, म्हणून पाण्यात कालवून. रोज दुपारी. सगळी आडवी झाली की. ह्याच्या गोदामातनं." त्यांना दम लागला. "चोरून. लोकांचा माल. अव्वा गेल्यापास्नं."

मी तम्मांकडं पाहिलं नाही. मला वाटलं, आता हा माणूस उठून जाईल.

"चोरून न्हाय, साहेब," तम्मा म्हणाले.

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं.

"लोकांचा माल न्हाय तो. सौद्यात मी सोता बोलून घेतलेला असतोय, त्यांच्यासाठनं. मागच्या दाराजवळ ठेवतो. आख्खा रवा त्यांस्नी वाकून फोडायला येत न्हाय, म्हणून फोडून ठेवतो. संपला की दुसरा." तम्मांनी अजून अण्णांकडं पाहिलं नव्हतं. "मुरगूडकडचा घेतो. त्यांस्नी पांढरा आवडत न्हाय."

अण्णांच्या तोंडून आवाज आला, पण तो शब्द नव्हता. इतक्या वर्षांच्या दुपारी त्यांना एकदम दिसल्या असाव्यात. बंद दार, कान बाहेर, हातात आयता मिळालेला खडा, आणि वर वडिलांचा फोटो.

"तुम्हाला हे माहीत होतं," डॉक्टर तम्मांना म्हणाले. त्यांचा आवाज पहिल्यांदाच चढला होता. "मग मागच्या वेळी मी सरळ विचारलं तेव्हा का नाही सांगितलंत? मी पट्टा बसवलाच नसता. यांचं आयुष्य होतं ते!"

"ते समोर बसलेले की ओ," तम्मा म्हणाले. "थोरला भाऊ हाय माझा."

डॉक्टरांनी आळीपाळीनं आम्हा तिघांकडं पाहिलं. आम्ही तिघंही फरशीकडं बघत होतो.